सेरेब्रल पाल्सी: फायलीतली एक ओळ आणि बाळाच्या अंगातल्या खुणा

‘स्पास्टिक डायप्लेजिया, जीएमएफसीएस लेव्हल ३.’ शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली की मुलाच्या फायलीवर अशी एखादी ओळ लिहिली जाते. आईबाप ती घेऊन गावी परततात, रात्री मोबाइलवर शोधत बसतात आणि हाती लागतं ते दोन टोकांचं. एकजण सांगतो यावर उपायच नाही, दुसरा म्हणतो तीन महिन्यांत मूल धावेल. मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना ती ओळ पाठ असते, पण तिचा अर्थ कुणी शांतपणे बसून सांगितलेला नसतो.

अर्थ कळला तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मेंदूचा कुठला भाग दुखावला, अंगाचा कुठला भाग अडला, मूल पुढे कशाच्या आधाराने हिंडेल, हे सगळं त्या एका ओळीत असतं. ज्यांच्या घरी अजून फाइल झालेली नाही, पण बाळाला न्हाऊ घालताना, दुपट्यात गुंडाळताना काहीतरी खटकतंय, त्यांनी तर हे जास्त लक्ष देऊन वाचावं. ‘थोडं थांबून बघू’ म्हणण्यात जे महिने जातात, तेच या दुखण्यात सगळ्यांत महाग पडतात.

नेमकं होतं काय?

बाळाचा मेंदू घडत असताना, म्हणजे पोटात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत, त्याच्या एखाद्या भागाला इजा होते किंवा तो भाग मुळातच नीट घडत नाही. हा भाग हालचाल आणि तोल सांभाळणारा असला की जी अवस्था येते तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बोलताना सगळे ‘सीपी’च म्हणतात. अशा मुलाच्या हातापायांचे स्नायू आणि हाडं जन्मतः निरोगी असतात. बिघडलेले असतात ते वरून येणारे हुकूम. त्यामुळे पायात जोर यावा म्हणून दिलेलं कॅल्शियम, टॉनिक, ताकदीची पावडर यांनी सीपी हटत नाही. पोलिओशीही तिची गल्लत करू नये. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात आणि पाय लुळा पडतो, सीपीत बहुतेक मुलांचा पाय उलट ताठ होतो. ती एकापासून दुसऱ्याला लागतही नाही.

जगभरात साधारण हजार जन्मांमागे २ ते ३ मुलांना सीपी असते. लहान वयातल्या शारीरिक अपंगत्वाचं हेच सगळ्यांत मोठं कारण आहे.

मेंदूतली इजा एकदा होते आणि तिथेच थांबते, पसरत नाही. म्हणूनच मूल आधी येत असलेल्या गोष्टी विसरू लागलं, बसणारं बसेनासं झालं, आलेले शब्द गेले, तर सीपी म्हणून गप्प न बसता दुसरं कारण शोधावं लागतं. अशातलं एक दुखणं मुद्दाम सांगते: डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया. हे मूल सकाळी बऱ्यापैकी चालतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचे पाय वाकडे पडू लागतात. बघणाऱ्याला सीपीच वाटते, पण लेव्होडोपा या औषधाच्या लहानशा मात्रेने ते जवळजवळ पूर्ण सुधारतं. दुर्मिळ आहे, तरी सकाळ-संध्याकाळचा असा फरक दिसला तर डॉक्टरांच्या कानावर घालावा.

इजा कशाने होते?

सगळ्यांत जास्त धोका कमी दिवसांच्या बाळांना. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात आणि ३२ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळात या पोकळ्यांच्या कडेचा भाग फार नाजूक असतो. तिथे रक्त कमी पोचलं किंवा रक्तस्राव झाला की तिथून जाणारे मज्जातंतू दुखावतात. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या अगदी लगत असतात, हातांकडे जाणारे थोडे बाहेरून जातात. काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळाचे पाय अडतात आणि हात त्यामानाने मोकळे राहतात, ते यामुळे.

पूर्ण दिवसांच्या बाळात कारणं वेगळी. बाळंतपण अडून बाळ गुदमरणं, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘जन्मल्यावर रडलंच नाही’. गर्भारपणात आईला झालेला रुबेला किंवा सीएमव्ही विषाणूचा संसर्ग. पोटात असताना किंवा जन्माच्या आसपास मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं, कारण लकव्याचा झटका नवजात बाळालाही येऊ शकतो. जन्मानंतरचा मेंदूज्वर, डोक्याला जबर मार. कित्येक मुलांत कसून शोधूनही कारण सापडत नाही.

काविळीवर जरा थांबते, कारण ही इजा टाळता येते. नवजात बाळाची कावीळ बहुतेक वेळा साधी असते आणि उतरते. पण रक्तातलं बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूच्या आतल्या भागात जाऊन बसतं आणि कायमची इजा करतं, बऱ्याचदा कानांनाही. निळ्या प्रकाशाखाली ठेवून, फारच वाढली तर बाळाचं रक्त बदलून ती वेळीच खाली आणता येते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तगट न जुळल्याने बाळाला होणारी कावीळ टाळणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनचं आधीच विचारून ठेवा.

वेळेआधी कळा सुरू झाल्या तरी हातात काही गोष्टी असतात. फार लवकर होणाऱ्या बाळंतपणाआधी आईला मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर बाळाला सीपी होण्याचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेलं आहे. अशा आईला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात बाळंतपणाआधीच हलवणं हे बाळ झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा कितीतरी बरं.

ताठ पडणारी मुलं

प्रकार ठरतो तो मेंदूचा कुठला भाग दुखावला यावर. दर १०० पैकी सुमारे ८० मुलांमध्ये हालचालीचे हुकूम वरून खाली नेणारी वाट दुखावलेली असते आणि स्नायूंचा ताण वाढतो. याला स्पास्टिक म्हणतात. हा ताठरपणा समजायला गाडीतला सीटबेल्ट आठवा. झटक्यात ओढला की जागच्या जागी अडकतो, सावकाश ओढला की सरसर येतो. स्पास्टिक स्नायू तसाच वागतो. कपडे घालताना घाईने हात सरळ करायला गेलं की तो आणखी आवळतो, सावकाश नेला की सुटतो. तेल लावताना जोरजोरात पाय ओढणाऱ्या हातांना हे आधी सांगायला हवं.

पुढचे शब्द अंगाचा कुठला भाग धरला आहे ते सांगतात. एका बाजूचा हात-पाय धरला असेल तर हेमिप्लेजिया. यात पायापेक्षा हात जास्त अडलेला असतो, आणि ही मुलं जवळजवळ सगळी चालतात. दोन्ही पाय जास्त आणि हात कमी, तो डायप्लेजिया. चारही हातपाय, मान आणि पाठ धरली असेल तर क्वाड्रिप्लेजिया. हा सगळ्यांत जड प्रकार. यात गिळणं, श्वास, आकडी, दृष्टी असे बाकीचे प्रश्नही बहुधा सोबत येतात.

वळवळणारी आणि डगमगणारी मुलं

मेंदूच्या आत खोलवर, नको असलेल्या हालचालींना आवर घालणारे पेशींचे पुंजके असतात. ते दुखावले तर हातपाय, चेहरा, जीभ मुलाच्या मनात नसताना वळत राहतात, पिळवटतात. हा डिस्कायनेटिक प्रकार. वर सांगितलेल्या काविळीचा किंवा गुदमरण्याचा फटका बऱ्याचदा इथेच बसतो. मूल पेल्याकडे हात न्यायला जातं आणि हात भलतीकडेच फेकला जातो. आनंद झाला, राग आला, पाहुणे आले की हालचाली वाढतात, झोपेत थांबतात. या मुलांना लोक सर्वांत जास्त चुकीचं समजतात. चेहरा वेडावाकडा होतो, बोलणं कळत नाही, म्हणून ‘याला काही समजत नाही’ असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात या प्रकारातल्या कितीतरी मुलांची बुद्धी शाबूत असते.

लहान मेंदू, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला तोल सांभाळणारा भाग दुखावला तर अटॅक्सिक प्रकार होतो. मूल पाय फाकवून, झोकांड्या खात चालतं, बटण लावताना हात थरथरतो. हा प्रकार थोड्याच मुलांत दिसतो. आणि बऱ्याच मुलांमध्ये दोन प्रकार एकत्र असतात, त्याला मिश्र म्हणतात.

राहिली ती ‘लेव्हल’. जीएमएफसीएस ही मूल कितपत हिंडूफिरू शकतं याची, १९९७मध्ये कॅनडात तयार झालेली पाच पायऱ्यांची मोजणी. लेव्हल १चं मूल स्वतः चालतं, जिने चढतं, धावताना थोडं कमी पडतं. २चं मूल चालतं पण जिन्याला कठडा लागतो, लांबचं अंतर जमत नाही. ३ला काठी किंवा वॉकर हातात लागतो. ४ला बहुतेक वेळ चाकाची खुर्ची, बसायलाही आधार. ५ला मान आणि पाठही सावरता येत नाही, कुणीतरी न्यावं लागतं. बुद्धी किती हे या आकड्यावरून कळत नाही. आकडा मोठा म्हणजे मूल कमी हुशार, हा समज मी शिक्षकांकडूनही ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

घरात काय दिसतं?

वय मोजताना एक काळजी घ्या. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल तर ते दोन महिने वजा करा. आज सहा महिन्यांचं असलेलं ते बाळ हिशेबाला चार महिन्यांचं.

पहिल्या तीन-चार महिन्यांतल्या खुणा न्हाऊ घालणारीच्या हाताला आधी कळतात. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत. बाळ उचललं की कमान करून मागे जातं. मूठ सतत आवळलेली, अंगठा आत दडलेला. अगदी लहान बाळाची मूठ मिटलेलीच असते, पण चार महिन्यांनंतरही ती उघडत नसेल, विशेषतः एकाच हाताची, तर दाखवायला हवं. काही बाळं याउलट अगदी सैल असतात, उचलताना हातातून निसटतील अशी. ‘नाजूक आहे’ म्हणून त्याकडे काणाडोळा होतो, आणि पुढे तीच मुलं ताठ होतात. चार महिने झाले तरी मान धरत नाही, दूध पिताना सारखा ठसका लागतो, एक घोट घ्यायला फार वेळ लागतो, याही खुणाच.

काही खुणांचं घरात कौतुक होतं, म्हणून त्या जास्त फसव्या. तीन महिन्यांच्या आत बाळ एकदम लाकडासारखं पालथं पडतं आणि सगळे म्हणतात किती लवकर पडलं. पण ते ताठरपणामुळे झालेलं असू शकतं. काखेत धरून उभं केलं की पाय खाडकन ताठ, चवड्यांवर उभं, एक पाय दुसऱ्यावर कात्रीसारखा, आणि आजोबा खूश की नातू आतापासून उभा राहतो.

आणखी एक चित्र मी वरचेवर बघते. दहा महिन्यांची मुलगी, आईच्या मांडीवर, चेहरा हसरा. बांगडी पुढे केली की उजव्या हाताने झडप घालते. बांगडी डाव्या बाजूला नेली तरी अंग वळवून उजवाच हात पुढे. उजवा हात हळूच धरून ठेवला की डावा खांद्यातून थोडा उचलतो, कोपरात वाकतो, पण बोटं उघडत नाहीत. झबलं घालताना डावी बाही नेहमी शेवटी आणि कष्टाने जाते, हे आईला आठवतं. घरच्यांनी तिला ‘उजवी’ ठरवलेलं असतं. पण मूल कोणता हात जास्त वापरणार हे एक वर्षाच्या आत ठरत नाही. त्याआधी एकच हात पुढे येत असेल तर दुसरा हात का येत नाही, हे बघायचं.

नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणं, फक्त हातांनी अंग ओढत सरकणं, दोन्ही गुडघे एकदम पुढे टाकत सशासारखं रांगणं, दीड वर्ष झालं तरी न चालणं, किंवा चालतं पण टाचा टेकत नाहीत, अशा खुणा पुढच्या वयात दिसतात. यातली एखादी गोष्ट एकटी दिसली म्हणजे सीपीच, असं मुळीच नाही. तपासायला नेण्यासाठी मात्र एकही पुरते.

‘आमच्याकडे सगळेच उशिरा चालतात’

हे वाक्य खोटं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली, ती २००६मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुलं आठव्या महिन्यापासून ते साडेसतराव्या महिन्यापर्यंत कधीही चालू लागलेली दिसतात. शंभरातली चार मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि थेट चालली. म्हणजे उशीर एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

बघायचं ते बाळ कसं हलतं. उशिरा चालणाऱ्या निरोगी बाळाच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात, अंग मऊ असतं, मांड्या फाकतात, मुठी उघडतात. ताठरपणा, एका बाजूचा फरक, गिळण्याचा त्रास हे ‘घराण्यात आहे’ म्हणून येत नाही. शिवाय बाळाचे वडील उशिरा चालले होते हे खरं असलं तरी महिन्याभरात तपासून घ्यायला काही बिघडत नाही. बाळ ठीक निघालं तर उत्तमच.

निदान किती लवकर होतं?

पूर्वी एक-दोन वर्षांचं होईपर्यंत थांबत. आता धोक्यातल्या बाळांमध्ये, म्हणजे जी पेटीत होती, गुदमरली होती, कमी दिवसांची होती त्यांच्यात, सहा महिन्यांच्या आतही बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. तीन ते पाच महिन्यांचं बाळ जागं आणि शांत असताना उताणं झोपवलं की त्याच्या साऱ्या अंगात बारीक बारीक हालचाली चालू असतात. त्या नसणं ही मोठी खूण. तीन-चार मिनिटांच्या मोबाइल व्हिडिओवरूनही प्रशिक्षित डॉक्टर किंवा थेरपिस्ट ती ओळखू शकतात. सोबत बाळाची हाताने केलेली मज्जासंस्थेची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय.

एमआरआय स्वच्छ आला म्हणजे सुटलो, असं समजू नका. दहातल्या एखाद्या सीपी असलेल्या मुलाचा एमआरआय स्वच्छ येतो. रक्ताची एखादी चाचणी करून सीपी कळते, असंही नाही. निदान होतं ते मूल बघूनच.

पक्कं नाव मिळेपर्यंत थेरपी थांबवण्याचं मात्र काहीच कारण नाही. ‘सीपीचा धोका’ एवढ्या शब्दांवरही काम सुरू करता येतं. कॅनडातल्या ओंटारिओत ६५७ मुलांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला, निष्कर्ष २००२मध्ये आले. उठणं, बसणं, चालणं यांत मूल जेवढं मिळवणार असतं त्यातलं सुमारे ९० टक्के ते पाच वर्षांच्या आत मिळवतं, आणि जड प्रकारात तर तिसऱ्या वर्षाच्या आतच. मी घाई करा म्हणते ती याच्यामुळे.

इजा वाढत नाही, मग मूल मागे का पडतं?

मेंदूतली इजा तिथेच असते, मूल मात्र वाढत असतं. हाडं लांब होतात, पण ताठ स्नायू त्यांच्या वेगाने लांबत नाही. मग टाच उचलली जाते, गुडघा वाकतो, सांधा हळूहळू आखडतो. चौथ्या वर्षी वॉकर घेऊन चालणारा मुलगा अकराव्या वर्षी उंची वाढल्यावर खुर्चीत बसतो आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. बऱ्याचदा वाढलेली असते ती फक्त उंची आणि वजन, आणि मधल्या काळात स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणारा आधार, छोटा झालेला असतो.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग खुब्याचा. सीपी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, लेव्हल ५मध्ये तर बहुतेकांचा. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. कळतो तेव्हा मुलाला मांडी घालता येत नाही, लंगोट बदलणंही यातना होते. म्हणून न चालणाऱ्या मुलाच्या खुब्याचा एक्स-रे दुसऱ्या वर्षाच्या सुमारास काढायचा आणि पुढे ठरावीक अंतराने काढत राहायचा. डॉक्टर विसरले तर आपण विचारायचं.

कशाने फरक पडतो?

मेंदूतली इजा पुसून टाकणारं औषध आज नाही. पण मूल काय करू शकतं यात फरक पडतो, खूप पडतो. आता भर आहे तो मुलाने स्वतः करण्यावर. थेरपिस्टने पाय हलवून दिले आणि मूल टीव्ही बघत पडून राहिलं तर मेंदू काही शिकत नाही. खेळण्यापर्यंत पोचायचं, बाकावर चढायचं, चमचा तोंडापर्यंत न्यायचा, असं एखादं ठरवलेलं काम रोज घरात पुन्हा पुन्हा करणं जास्त उपयोगाचं. हेमिप्लेजियात चांगला हात रोज काही वेळ मोज्यात बांधून अडलेल्या हाताला खेळायला लावतात, त्याचा चांगला परिणाम दिसतो.

ताठरपणासाठी बॅक्लोफेनसारखी औषधं आहेत. ठरावीक स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याचा असर साधारण तीन ते सहा महिने टिकतो आणि तेवढ्या वेळात प्लास्टर, स्प्लिंट, व्यायाम करून घ्यायचे असतात. नुसतं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं तर पैसे वाया. निवडक मुलांत पाठीच्या कण्यातल्या ठरावीक नसा कापण्याची शस्त्रक्रिया होते, आखडलेल्या सांध्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ लागतात.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. पाय कात्रीसारखे पडणाऱ्या बाळाला कडेवर घ्या, दोन पाय कमरेच्या दोन बाजूंना येतील असं. आपली ही जुनी सवय इथे थेरपीचं काम करते. बसून ढकलायचा चाकाचा वॉकर देऊ नका, त्यात मूल चवड्यांनीच रेटतं आणि टाच आणखी वर जाते. आडवं करून बोंडल्याने दूध घालू नका. दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि जड सीपीत मुलं दगावण्याचं ते एक मोठं कारण आहे. पाठ सरळ, मान किंचित पुढे, छोटे घास. एका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा.

मालिश करू नये असं नाही. त्वचेला, मनाला बरं वाटतं, आईचा हात असतो. पण मालिशने सीपी जात नाही, आणि उभं न राहणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, जोरात मुरगाळलं तर मोडतात.

आणि स्टेम सेल? लाखोंचं पॅकेज सांगितलं जातं, जमीन विकून लोक जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर संशोधन चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे घेऊन ‘उपचार’ देत असेल तर तिथून उठा. तेच पैसे पाच वर्षांची थेरपी आणि चांगली खुर्ची यांना पुरतात.

दोष कुणाचा?

हा प्रश्न घरात उघड विचारला जात नाही, पण सुनेला रोज ऐकू येतो. ग्रहणात भाजी चिरली, जिना चढली, आधीच बाळंतपणाला नेलं नाही. इंग्लंडमधले शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१मध्ये अशा मुलांच्या ताठरपणाचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला आणि शंभर वर्षं सगळं खापर त्या काही तासांवर फुटत राहिलं. मेंदूचे डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७मध्येच उलट विचारलं होतं: बाळात आधीपासून काही बिघाड आहे म्हणून बाळंतपण अवघड गेलं, असं तर नसेल? पुढच्या संशोधनाने त्यांच्या शंकेत तथ्य असल्याचं दाखवलं. प्रगत देशांत गुदमरणं हे थोड्याच मुलांमागचं कारण असतं. आपल्याकडे बाळंतपणातल्या गैरसोयींमुळे त्याचा वाटा जास्त आहे, पण ती गैरसोय आईने केलेली नाही.

ग्रहणाचा आणि सीपीचा काडीचाही संबंध नाही. २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणात, आपल्या सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कलबुर्गी भागात, अपंग मुलांना बरं व्हावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते आईबाप दुष्ट नव्हते. त्यांना कुणी काही समजावून सांगितलेलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

‘याला समजतं का?’

सीपी असलेल्या साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण असते, म्हणजे निम्म्यांना नसते. साधारण चौघांपैकी एकाला आकडी येते, चौघांपैकी एकाला बोलता येत नाही. बोलता न येणं आणि न समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मूल डोळ्यांनी हो-नाही सांगत असेल, चित्रांच्या तक्त्यावर बोट किंवा नजर नेत असेल, तर ती त्याची भाषा आहे आणि ती लवकर द्यायला हवी. तक्ता दिला की मूल बोलायचा आळस करेल ही भीती खरी ठरत नाही. मुंबईत १९७२च्या सुमारास मिठू अलूर यांनी अशा मुलांसाठी शाळा सुरू केली, कारण त्यांच्या लेकीला, मालिनी चिब यांना, कुठलीच शाळा घेत नव्हती. एका बोटाने टाइप करणाऱ्या मालिनी पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊन आल्या.

कान आणि डोळे लहानपणीच तपासून घ्या. ऐकूच येत नसलेल्या मुलाला ‘मंद’ म्हणून सोडून दिलेलं मी पाहिलं आहे.

कुठे जायचं, कुठले कागद?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्यातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि मुलांची मोफत तपासणी करतं. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगून त्या दिवशी मुलाला न्या आणि जे खटकतं ते स्वतःहून बोला. बाळ झोपलेलं असेल तर पथकाला काहीच कळणार नाही, म्हणून घरी काढलेला व्हिडिओ दाखवा. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते, तिथे थेरपी, कानडोळ्यांची तपासणी एका छताखाली होते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सीपीचा स्पष्ट उल्लेख आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि शाळा जवळची साधी की विशेष, हे पालकांनी ठरवायचं असतं. परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो.

मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. बँकेतलं खातं, शस्त्रक्रियेची संमती अशा वेळी हे अचानक समोर येतं. ज्या मुलाला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. ज्याला ते घेता येतात, मग भले तो बोटाने टाइप करून सांगत असो की डोळ्यांनी, त्याच्यासाठी हा अर्ज करू नये.